गंगेचे मासे, नर्मदेचे पाणी

पाण्याच्या हिशोबाने पाहिले तर इंदूर मोठ्या चमत्कारिक जागी वसलेले आहे. शहरातून वाहणाऱ्या कान्ह आणि सरस्वती उत्तरेकडे जाऊन क्षिप्रेला मिळतात, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला; म्हणजे रामबागेतल्या एखाद्या पन्हाळीतून पडलेले पावसाचे पाणी, वाटेत कुणी अडवले नाही तर, थेट प्रयागाला पोहोचावे. नळाला येणारे पाणी मात्र विंध्याच्या पलीकडचे. १९७० साली या शहराने ‘नर्मदा लाओ’ म्हणत आंदोलन केले आणि १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरची वाट आणि मधला घाट चढून नर्मदा आमच्या घागरीत आली. आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत या दोन्ही नद्यांची गाठ पडते, कारण तिच्यातले मासे आहेत गंभीर नदीच्या खोऱ्यातल्या एका तळ्याचे, आणि पाणी आहे नर्मदेचे.

हे मासे देशी आहेत, आणि ‘देशी’ म्हटल्याबरोबर पाहुण्यांचा चेहरा थोडा उतरतो. मासे पाळायचे तर गोल्डफिश पाळावेत, ऐपत असेल तर वास्तूला चांगला म्हणून अरोवाना ठेवावा, असा एकंदर रिवाज आहे. आमच्यासारख्या मासे न शिजणाऱ्या घरात तर माशाचे दोनच प्रकार ठाऊक असतात, दुकानातला शोभेचा आणि नदीवरचा, ज्याला एकादशीला कणकेच्या गोळ्या घालायच्या. नदीवरचाच मासा घरात आणून ठेवावा हे कुणाला सुचत नाही. ठेक्याने दिलेल्या तळ्यावर सकाळी जाळे ओढले जाते, तेव्हा रोहू-कटला टोपल्यांत जातात आणि बोटाएवढ्या मासोळ्यांचा वेगळा ढीग पडतो. त्या ढिगातल्या तडफडणाऱ्या काही मासोळ्या मी बादलीत मागितल्या, तेव्हा जाळेवाल्याने माझ्याकडे खऱ्याखुऱ्या काळजीने पाहिले. “भिया, ये तो कचरा मच्छी है, इनका करोगे क्या?” पैसे घ्यायलाही तो तयार नव्हता.

त्या कचऱ्यात काय काय होते! कल्ल्यामागे एक आणि शेपटीच्या मुळाशी एक असे दोन काळे ठिपके मिरवणारे टिक्टो बार्ब, अंगभर एक सरळ काळी रेघ असलेले रास्बोरा, पोटापर्यंत लोंबणाऱ्या मिशांचे आणि संधी मिळताच टाकीबाहेर उडी मारणारे एसोमस, आरपार दिसणारे काचमासे, आणि तळाशी वाळूत राहणारी, गांडुळाहून थोडी जाड अशी लोच. डोक जातीचा एक छोटा मरळही होता. या जातीतला बाप अंडी आणि पिल्ले तोंडात धरून सांभाळतो, हे माहीत असल्यामुळे त्याच्याविषयी आदर वाटला, परंतु तोंडात मावेल ते सगळे तो गिळतो हेही माहीत असल्यामुळे त्याला तिथेच तळ्यात सोडले.

पिशवीतून आणलेले हे मासे पहिले काही दिवस खरोखरच कळाहीन दिसतात. घाबरलेला मासा रंग आवरून घेतो. त्याशिवाय त्यांची सगळी वेशभूषाच दिसू नये या हेतूने बेतलेली असते: वरून पाहणाऱ्या बगळ्याला तळाचा चिखल आणि पाठ एकच वाटावी म्हणून पाठ काळपट, खालून पाहणाऱ्या मोठ्या माशाला आकाशाच्या उजेडात पोट हरवावे म्हणून पोट पांढरे, आणि बाजूंना ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या सूक्ष्म स्फटिकांचा चंदेरी मुलामा, जो भोवतालचा प्रकाश जसाच्या तसा परत फेकतो. अशा माशाला दुकानातल्या पांढऱ्या दगडांवर आणि निळ्या ट्यूबलाइटखाली ठेवले तर तो बिचारा आणखी फिका पडणार. नदीची काळसर वाळू, व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीची लांब पाती, हायड्रिला या दुसरीची दाटी आणि थोडी सावली मिळाली की मग टिक्टोच्या नराच्या पाठीवरच्या परावर हळूहळू तांबूस छटा चढते आणि तिच्यात काळे ठिपके उमटतात; प्रत्येक खवल्याला बारीक गडद किनार आहे, हे तेव्हा कुठे दिसते. सोन्याचा मासा पाहिला म्हणजे पाहून होतो. याला शोधावे लागते, आणि माझ्या मते मासे पाळण्यातला निम्मा आनंद या शोधण्यातच आहे.

लोचविषयी थोडे जास्त सांगितले पाहिजे, कारण घरातल्या सर्वांचा, म्हणजे माझ्या छंदाला नावे ठेवणाऱ्यांचाही, तिच्यावर जीव आहे. ती वाळूचा घास घेते, तोंडातल्या तोंडात घोळवते, त्यातला खाण्याजोगा कण ठेवून उरलेली वाळू कल्ल्यांतून दोन्ही बाजूंना सोडून देते, आणि हे काम तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या तन्मयतेने तासन् तास चालते. दुपारी ती वाळूत शिरते आणि फक्त डोळे वर ठेवते. मध्येच बाणासारखी वर जाऊन हवेचा घोट घेते आणि पुन्हा तळाशी येते. पाण्यात प्राणवायू कमी असला तर आतड्यावाटे हवेतला प्राणवायू घेण्याची सोय तिच्याकडे आहे. उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांत जगायचे तर एवढी तरतूद हवीच.

गंमत अशी की दुकानातले सगळेच मासे परदेशी नसतात. गुलाबी झाक असलेला रोझी बार्ब आणि निळ्या पट्ट्यांचा झेब्रा हे दोन्ही आपलेच. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांचे वर्णन १८२२ साली प्रसिद्ध केले, त्यात हे दोघेही आहेत आणि आमचा टिक्टोही आहे. पुढे १९७०च्या दशकात ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी झेब्रावर संशोधन सुरू केले, कारण त्याची अंडी पारदर्शक असतात आणि आतला जीव घडताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे सत्तर टक्के जनुकांना या माशात जोड सापडते असे दिसून आले. भातखाचरातली ही मासोळी जगभरच्या प्रयोगशाळांत गेली, आणि आपल्याकडे चेन्नईच्या कोलत्तूरसारख्या ठिकाणच्या पैदाशीतून, कधी लांब शेपटीची तर कधी भडक लाल-हिरव्या रंगात चमकणारी होऊन, दुकानात परत आली.

देशी मासा काटक असतो हे खरे, पण काटक म्हणजे कसाही ठेवला तरी चालतो असे नव्हे. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे पिंपात पाणी भरून ठेवण्याची सवय शहराला आहेच; तेच पाणी दिवसभर उघडे राहिले की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि माशांना चालते. त्यापेक्षा अवघड प्रकरण अमोनियाचे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेले खाणेही कुजून अमोनियाच देते, आणि नव्या टाकीत त्याची वाट लावणारे कुणी नसते. हळूहळू स्पंजवर, वाळूवर, काचेवर जिवाणू वस्ती करतात. काही जण अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट, जे तुलनेने निरुपद्रवी असते आणि वनस्पतींना खत म्हणून लागते. ही वस्ती नीट बसायला महिना-सवा महिना लागतो. तेवढा काळ रिकाम्या टाकीत फिल्टर चालवीत बसण्याचा धीर फार थोड्यांना असतो, आणि ‘मासे टिकत नाहीत हो’ या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हा महिनाच असतो.

माळव्याचा हिवाळा बोचरा, पण मला हीटर लागत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या डिस्कस माशाला बारा महिने अठ्ठावीस-तीस अंशांचे पाणी लागते. त्याचा मालक वर्षभर ऋतूला घराबाहेर थोपवून धरण्याचे काम करतो आणि विजेच्या बिलात त्याची किंमत मोजतो. टिक्टो आणि रास्बोरा थंडीत मंद होतात, कमी खातात, झाडीत घोळका करून राहतात. आपणही खाणे कमी करावे आणि त्यांना तसेच राहू द्यावे. काळजी करायची ती उन्हाळ्यात. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, पस्तीस अंशांना तो सातच्याही खाली येतो, आणि त्याच वेळी माशांची गरज मात्र वाढलेली असते; शिवाय गरम पाण्यात अमोनियाही अधिक विषारी होतो. मे महिन्यात दुपारी वीज गेली की माझे लक्ष पंख्याकडे नसून एअर पंपाकडे असते, यावरून घरात पुष्कळ बोलणी खाऊन झाली आहेत.

पाऊस सुरू झाला की मात्र या टाकीकडे बघतच राहावे. आपल्याकडच्या बहुतेक बार्बांची वीण पावसाशी बांधलेली असते: नव्या पाण्याने तळी भरतात, पाणी थंड आणि मृदू होते, काठचे गवत बुडते आणि त्यात अंडी सुरक्षित राहतात. घरात हे घडवून आणायला मोठी विद्या लागत नाही. पहिल्या एक-दोन पावसांत गच्चीवरची धूळ आणि काजळी वाहून जाऊ द्यावी, नंतरचे पाणी धरावे आणि टाकीतले तिसरा हिस्सा पाणी काढून त्याजागी ते थंडगार पाणी सावकाश सोडावे. दुसऱ्या दिवशी पहाटे, खिडकीतून उजेड आत येताच, नर माद्यांच्या मागे लागलेले दिसतात. पर ताणून दोन नर एकमेकांना समांतर उभे राहतात, अंग थरथरवतात, एकमेकांभोवती गिरक्या घेतात आणि हरलेला रंग मिटवून झाडीत जातो. पोट फुगलेली मादी हायड्रिलात घुसते, नर तिला अंगाने दाबतो, आणि मोहरीहूनही बारीक, चिकट, जवळजवळ पारदर्शक अंडी पानांवर विखुरतात. हा सोहळा आटोपताच आईबाप वळून तीच अंडी खाऊ लागतात, म्हणून अंड्यांसकट हायड्रिलाचे झुबके लगेच वेगळ्या भांड्यात हलवावे लागतात. दीड-दोन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. काचेला चिकटलेला काळ्या डोळ्यांचा एकेक धागा, एवढेच त्यांचे रूप. वाळलेली पाने भिजवून ठेवलेल्या पाण्यात जे सूक्ष्म जीव वाढतात त्यांवर ती पहिला आठवडा काढतात.

पिल्ले झाली की हितचिंतक ‘नदीत सोडा, पुण्य लागेल’ असा सल्ला देतात. या एका बाबतीत मी फार कडक आहे. डासांवर उपाय म्हणून १९२८ साली गॅम्बुसिया हा मासा भारतात आणला गेला, १९५२ मध्ये तिलापिया आला, आणि शोभेचा म्हणून आणलेला सकरमासा टाकीत मावेनासा झाला की लोकांनी तो तळ्यांत टाकला. या सगळ्यांनी देशी माशांच्या खाण्यावर आणि विणीच्या जागांवर हात मारला. आपला मासा देशी आहे म्हणून त्याला सूट मिळत नाही. दुकानातल्या झाडांबरोबर आणि खाद्याबरोबर आलेला रोग तो बरोबर नेतो, आणि गंगेच्या खोऱ्यातला मासा पुण्य म्हणून ओंकारेश्वरी नर्मदेत सोडला तर ते शास्त्राला धरून नाही. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये राज्यमासा म्हणून मान दिलेला महासीर धरणांमुळे वाहते पाणी आक्रसून आधीच अडचणीत आहे. त्याच्या घरात आणखी पाहुणे नकोत.

म्हणून पिल्ले ओळखीपाळखीत वाटावी लागतात, आणि वाटण्यापूर्वी मी टाकीला झाकण आहे का, हे विचारून घेतो. गोल्डफिश मागायला आलेली मंडळी ही चांदीची चिमुकली मासोळी पाहून ‘बघतो, सांगतो’ म्हणतात आणि पुन्हा येत नाहीत. आमच्या शेजारच्या काकूंनी मात्र गच्चीवरच्या कमळाच्या मोठ्या कुंडीसाठी आपणहून मागून घेतली, कारण डेंग्यूच्या दिवसांत अळ्या तपासायला येणारी मंडळी त्या कुंडीपाशी हटकून थांबत असत. डबा हातात घेताना त्यांनी विचारले, “अहो, पण यांना रोज खायला काय घालू?” मी म्हटले, “काही घालू नका काकू, जेवण तिथे आधीच वाढलेले आहे.”