विचारलं काऊन नाही

आज ७१वा दिवस. कॅन्सरसाठी पेशी चढवल्या तो दिवस झीरो, तिथून मोजायचं. घरात आता सगळेच तसं मोजतात, नात पण सकाळी विचारते आजीचा आज कितवा.

उठून पाहते तर डब्यात दहीभात भरलेला, ताटात हळदकुंकू, आणि सून डोक्याला दुपट्टा बांधून तयार. सीतादही, कापूस वेचणी सुरू करतानाची वावरातली पूजा. मी दारातच उभी राहिली. आई तुम्ही आराम करा, चहा थर्मासमध्ये आहे, एवढं बोलून ती वेचणीच्या बायांसोबत निघून पण गेली. बस, एवढंच झालं. आणि एवढ्याशा गोष्टीवरून मी दुपारपर्यंत कोणाशी धड बोलली नाही.

मला जायचं नव्हतंच. माती बंद आहे, मातीत बुरशी असते आणि तिच्याशी लढायला सध्या माझ्या अंगात कोणी नाही. शेणाचा सडा बंद, कोंबड्या बंद, घरी विरजलेलं दही बंद. म्हणजे सीतादहीतली माती पण चालत नाही अन् दही पण चालत नाही, मग मी जाऊन करणार काय होती, धुऱ्यावर मास्क लावून उभी राहणार? पण विचारायचं तर होतं. विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, जाय बाई तू. ते म्हणायला तरी मिळालं असतं.

डॉक्टरांनी समजावलं होतं तेव्हा मला वावराच्याच भाषेत समजलं. माझ्याच रक्तातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या, मशीनने काढल्या, लॅबमध्ये त्यांना शिकवलं की बीसीएमए ही खूण दिसली की मारा. पण ती खूण मायलोमावर, म्हणजे माझ्या कॅन्सरवर, असते तशी अँटीबॉडी बनवणाऱ्या चांगल्या प्लाझ्मा पेशींवर पण असते. तणनाशक मारलं अन् तणासोबत पऱ्हाटी पण जळली, तसं. आता अँटीबॉडी बाहेरून, नागपूरला जाऊन सलाईनमधून घ्यायच्या. पुढे लहानपणीच्या लसी पण नव्याने घ्याव्या लागतील म्हणे, नातीच्या मागे लाईनीत उभी राहीन.

आणि पेशींच्या ज्या पिशवीसाठी एवढं सगळं केलं ती केवढी, तर तळहाताएवढी. ट्रायलमध्ये नाव लागेपर्यंत जीव टांगणीला, आणि पिशवी चहा थंड व्हायच्या आत संपली. खोलीभर लसणासारखा वास, तो पेशी गोठवायच्या औषधाचा असतो. मुलगा म्हणाला आई फोडणी दिली का कोणी.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. मग नर्स रोज पेन दाखवून हे काय, घड्याळ दाखवून हे काय, शंभरपासून दहा-दहा कमी करत उलटं मोजा, आणि शेवटी एक वाक्य लिहा. डोक्यावर परिणाम झाला का ते अक्षरावरून समजते. मी रोज एकच लिहायची, वावरात कापूस फुटला. ऑगस्टमध्ये. नर्स हसायची, आजी अभी से फूटा क्या. एक दिवस ते वाक्य कोंबडीने कागदावर पाय ओढल्यासारखं आलं. त्याचा फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये आहे. मला तो दिवसच आठवत नाही. आपण कुठे आहोत विचारलं तर म्हणे मी वावरात म्हटलं.

हे असं असताना विचारलं काऊन नाही, हे डोक्यातून जातच नव्हतं. शेवटी जेवताना यांच्याजवळ बोलली. हे भाकर मोडता मोडता म्हणाले, "इचारलं ना वं तिनं तुले, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. तूच तं म्हटलं, यंदा तू कर, मले काय जमते."

मी म्हटलं? मला काहीच आठवत नाही. शब्द माझेच वाटतात, मी असंच बोलते. पण हे खोटं पण बोलतात, माझ्या मणक्याचं निघालं तेव्हा महिनाभर मला हाडं ठिसूळ झाली एवढंच सांगत होते आणि मी आपली दूध पीत होती. मग आता कोणावर रुसायचं, सुनेवर, यांच्यावर, का त्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या माझ्यावर? ती बाई तर मोठी समजदार निघाली, हसत परवानगी देऊन मोकळी. आणि सकाळपासून तोंड पाडून बसायचं काम माझ्याकडे. दोघींची भेट करून द्यायला पाहिजे.

संध्याकाळी सून आली, आधी आंघोळ, कपडे बदलले, मग माझ्या खोलीत. तिचे हात पऱ्हाटीनं खरचटलेले. मी विचारणारच होती, खरंच तू मला विचारलं होतं का. तेवढ्यात तीच म्हणाली, आई, पूजेला खडे पाच ठेवतात का सात? मला आठवेचना, मी सात ठेवले.

मी डोकं खाजवलं. इतकी वर्षं मांडले, पण पाच का सात, शपथ आठवेना.

सातच, म्हटलं.