एका लाइनवर तीन मॅग्नेटो फोन: माझा अनुभव

अमेरिकेतल्या शेतांवर असायची तशी पार्टी लाइन (एकाच लाइनवर अनेक घरांचे फोन) उभी करायची, तर मॅग्नेटो, म्हणजे हँडल फिरवून घंटेची वीज तयार करणारे जुने लाकडी फोन लागतात. बेलचं टेलिफोनचं मूळ पेटंट १८९३ मध्ये संपल्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी असे संच घेऊन आपापल्या लाइन टाकल्या, काहींनी तर कुंपणाच्या काटेरी तारेवरूनच.

मी सगळ्यात आधी मल्टिमीटरने प्रत्येक घंटेच्या कॉइलचा रोध मोजला. ८० ओहमच्या आसपास आला तर संच सिरीज पद्धतीचा, म्हणजे लाइनमध्ये एकापुढे एक जोडायचा; १००० ते २५०० आला तर ब्रिजिंग, म्हणजे समांतर जोडायचा. सामाईक लाइनला ब्रिजिंगच घ्या. १६०० ओहमच्या सहा घंटा समांतर जोडल्या की भार २६७ ओहम होतो. त्यात ८० चा एकच संच घुसला तर तो ६२ वर येतो, बहुतेक करंट तोच खातो आणि बाकीच्या घरांत काही वाजत नाही.

मग जनरेटर. हँडल फिरवलं की ७५ व्होल्टच्या पुढे एसी निघतो, साधारण २० हर्ट्झचा, तेव्हा उघड्या तारा हातात धरू नका. फिरवताना दांडा किंचित सरकून जनरेटर लाइनला जोडतो, सोडल्यावर तोडतो. तिथली पट्टी गंजून चिकटली तर गुंडाळी कायम लाइनवर राहते. मग घंटाही मंद, बोलणंही मंद.

बोलण्याची वीज ज्याची त्याच्या पेटीत: १.५ व्होल्टचे दोन मोठे सेल. मी त्यांच्या जागी दोन डी सेल लावले. रिसीव्हर (कानाला लावायचा भाग) हुकवर नीट टांगला नाही तर सेल उतरतात. आवाज दबका येत असेल तर ट्रान्समीटरमधले (ज्यात बोलतो त्या भागातले) कार्बनचे कण घट्ट बसलेले असतात. बोटाने हलकेच ठोका. व्होल्टेज वाढवलंत तर कण जळतील.

रिसीव्हरला सिरीजमध्ये ०.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (कपॅसिटर) हवाच. शेजारी फोन उचलून गपचूप ऐकणार हे गृहीतच धरायचं. घंटेच्या २० हर्ट्झला हा कंडेन्सर १६ हजार ओहम अडथळा करतो, बोलण्याच्या १००० हर्ट्झला जेमतेम ३२०. त्यामुळे कोणी ऐकत बसलं तरी घंटा वाजते. आवाज मात्र प्रत्येक कानागणिक उतरतो, त्याला इलाज नाही.

घंटा सगळ्याच घरांत वाजते, म्हणून कोणासाठी आहे ते कळायला प्रत्येक घराची वेगळी खूण. लांब म्हणजे हँडलचे चार-पाच फेरे, आखूड म्हणजे एक. मी ठेवल्या त्या खुणा अशा: दोन आखूड, लांब-आखूड, लांब-आखूड-आखूड. जुन्या लाइनवर एकटी लांब घंटा एक्सचेंजची (फोन जोडून देणाऱ्या केंद्राची), आणि थांबतच नाही अशी लांब म्हणजे आग वगैरे, सगळ्यांनी उचला. याहून लांबलचक खुणा लोक मोजताना चुकतात.

जुन्या लाइन एका तारेच्या, परतीला जमीन. आज जवळून विजेची लाइन जात असेल तर त्यात तिची ६० हर्ट्झची (भारतात ५०) गुणगुण शिरते, म्हणून मी दोन तारा घेतल्या. कुंपणच वापरायचं असेल तर ते झटका देणारं नाही ना, हे आधी पाहा. सांधे घासून सोल्डर करा, फाटकावर तार उंच न्या, आणि खांबावर थेट खिळू नका: ओलं लाकूड करंट जमिनीत सोडतं. मध्ये काचेच्या बाटलीची मान घातली तरी पुरते. तारेला टेकणारं गवतही कापत राहावं लागतं.