आडतीच्या पट्टीपासून कर्नलच्या पॅचपर्यंत

लातूरच्या मार्केट यार्डात आडत दुकानांची हिशोबपट्टी छापणारं सॉफ्टवेअर, ही आमची सुरुवात. सोयाबीनच्या हंगामात सौदा सुटला की पट्ट्यांची रांग लागायची, आणि नेमकी तेव्हाच लाइट जायची. शेवटी सगळ्या दुकानांचा डेटा दोन सर्व्हरवर, केव्हीएमच्या (लिनक्समधली, एका संगणकात अनेक संगणक चालवायची सोय) व्हर्च्युअल मशीनमध्ये आणला. एकाचा यूपीएस मान टाकायला लागला की चालतं मशीन दुसऱ्यावर हलवायचं. एकदा हलवलेलं मशीन अडकलं म्हणून कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, कोड उघडला, तो आजवर मिटलेला नाही. पुढे पुण्याच्या एका कंपनीनं पॅच, म्हणजे कोडमधले सुचवलेले बदल, तपासायचं कामच दिलं. आम्ही तिघं.

मशीन हलवताना मेमरी पाठवणं चालू असतं, तरी आतलं मशीन तिच्यात लिहीतच असतं. म्हणून केव्हीएम मेमरीच्या प्रत्येक पानामागे, म्हणजे ४ केबीच्या तुकड्यामागे, एक बिट ठेवतं. पानावर लिहायला बंदी. लिहायला गेलं की अडतं, बिट लागतो, पान पुन्हा पाठवायचं. ४ जीबीच्या मशीनला या बिटांची १२८ केबीची नोंदवही पुरते.

एका पॅचमध्ये टीएलबी, म्हणजे पानांचे पत्ते आणि परवानग्या लक्षात ठेवणारा सीपीयूतला छोटा साठा, रिकामा करण्याची पायरी नोंदवही मशीन हलवणाऱ्या प्रोग्रामला दिल्यानंतर ढकलली होती. वेग वाढत होता, कोड नेटका होता. मी पास केला. चहाला आमचा धाकटा सहकारी म्हणाला, "सर, बंदी घातली खरी, पण टीएलबीत जुनी परवानगी शिल्लक असली तर?"

"लिहिलं तर लिहिलं. पुढच्या फेरीत येईल की."

"कसं येईल? अडलंच नाही तर बिट कोण लावणार?"

चहा तसाच राहिला. रात्रभर मशीन इकडून तिकडे हलवत बसलो. पहाटे एकदाच, फक्त एकदाच, दोन्हीकडच्या मेमरीची बेरीज जुळली नाही. सकाळी मंजुरी मागे घेतल्याचं कळवलं. त्या महिन्याचं बिल लावलं नाही.

तेव्हापासून पॅच वाचताना दर दोन ओळींमध्ये बोट ठेवून विचारतो: इथं लिहिलं तर नोंद कोण घेईल? २०२१ च्या ५.११ कर्नलमध्ये डर्टी रिंग आली, दर व्हर्च्युअल सीपीयूला लिहिलेल्या पानांची वेगळी यादी. मोठ्या मेमरीला ती बरी, पण यादी भरली की सीपीयूला थांबावं लागतं. मग तिथंही बोट.

पट्टीचं सॉफ्टवेअर अजून काही दुकानांत चालू आहे. त्याचे पैसे दिवाळीनंतर मिळतात.