ऑपस 132, तिसरा भाग: लय सापडली, सा हरवला

मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की बेथोव्हनच्या ए मायनर क्वार्टेटचा (चार तंतुवाद्यांच्या रचनेचा, ऑपस 132) तिसरा भाग म्हणजे सरळसरळ यमन राग. ते विधान मागे घेतोय. पण आधी लय, कारण तीन आठवडे त्यातच गेले.

बीपीएम (मिनिटाला ठोके) आणि की (पाश्चात्य स्वरपट्टी) सांगणारं एक ॲप फोनवर आहे. त्याला हा भाग ऐकवला तर त्याने 74 सांगितले, दुसऱ्या दिवशी 112. की मात्र दोन्ही वेळा सी मेजर. बिचाऱ्याचा दोष नाही, चार तंतुवाद्यांच्या लांब ओढलेल्या गजात ठोका म्हणून धरायला काही नाहीच. शेवटी छापील स्कोअर (स्वरलिपी), पेन्सिल आणि स्टॉपवॉच घेऊन बसलो.

सुरुवातीचा 'मोल्टो अडाजो' (अतिशय संथ) हा स्तोत्रासारखा तुकडा 30 बारांचा आहे; बार म्हणजे स्कोअरवरचा मात्रांचा एक खण, इथे प्रत्येक चार मात्रांचा. त्यात पाच ओळी. प्रत्येक ओळीआधी दोन बार प्रस्तावना, तिच्यात वाद्यं एकामागून एक तोच तुकडा घेत आत येतात. मग चार बारांची ओळ: आठ कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरसमूह), प्रत्येकाला दोन मात्रा. म्हणजे आठ अधिक सोळा. सोळा दिसल्याबरोबर हात तीनतालाची टाळी-खाली द्यायला लागला! पण इथे सम, म्हणजे येऊन टेकायची पहिली मात्रा, नाही. ओळ संपते आणि आपण टाळीसाठी उचललेला हात तसाच खाली ठेवतो.

माझ्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये या 120 मात्रांना सुमारे सव्वातीन मिनिटं लागतात, म्हणजे मिनिटाला 37. ॲपने 74 सांगितले तेव्हा त्याने दुगुन, म्हणजे दुप्पट लय, ऐकली होती तर. आणि 37 म्हणजे फार काही संथ नाही हो. ख्यालाच्या अतिविलंबित (फार संथ) एकतालात एकेक मात्रा चार-चार सेकंदांची असते, त्या हिशेबाने हे दुपटीहून जलद झालं. तरी ऐकताना ख्यालापेक्षा कितीतरी रिकामं वाटतं. माझ्या मते फरक तबल्याच्या ठेक्याचा. तिथे 'धागे तिरकिट' मात्रेच्या पोटात काहीतरी भरत असतं, पुढची मात्रा येतेय याचा भरवसा देत असतं. इथे दोन कॉर्डांच्या मध्ये कुणीच काही भरत नाही.

वादकांनी वेग ठरवायचा तो मनानेच. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) तोवर आला होता, मेल्त्सेलने 1815 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बेथोव्हनने आपल्या पहिल्या अकरा क्वार्टेटना मेट्रोनोमचे आकडेही दिले. नंतरच्यांना दिले नाहीत, आणि हा क्वार्टेट 1825 चा. त्यामुळे 'बरोबर लय कोणती' हा वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालत बसावं.

आता यमनाचं प्रकरण. बेथोव्हनने शीर्षकातच 'लिडियन स्वरमालेत' असं लिहून ठेवलंय. पेटीवर पांढरी चार (एफ) सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत वर जा: मध्यम तीव्र, बाकी सगळे शुद्ध. कल्याण थाट. एवढ्यावर मी उडी मारली होती. मग तानपुऱ्याचं ॲप पांढरी चारला लावून रेकॉर्डिंगसोबत वाजवलं. (माझी पेटी 440 हर्ट्झला लावलेली, रेकॉर्डिंग केसभर चढं निघालं, तानपुरा थोडा चढवावा लागला.) पहिल्या दोन-चार सुरांत मजा आली, पुढे टोचायला लागलं. तीव्र मध्यम म्हणून मी ज्याची वाट पाहत होतो तो सूर सारखा वरच्या सीला जाऊन चिकटत होता, निषादासारखा. तानपुरा पांढरी एकला (सी) लावला तर काही ओळी चपखल बसल्या आणि काही पुन्हा निसटल्या.

पेटी शिकवणाऱ्या बाईंना ऐकवलं. डोळे मिटून पूर्ण ऐकलं त्यांनी, मग म्हणाल्या, "अरे, आधी त्याला सा हवाय की नाही ते तर ठरू दे. तू तानपुरा कशाला लादतोस त्याच्यावर?"

तर ॲपचं सी मेजर अगदीच चूक नव्हतं, आणि माझा यमन अगदीच बरोबर नव्हता. थाट कल्याण असला म्हणून राग होत नाही, हे पहिल्या वर्षाला शिकलो होतो. विसरलो.

माझ्या वहीत संगीताचा मूड लिहायच्या रकान्यात पहिल्या दिवशी 'शांत' लिहिलेलं, तेही खोडलं. 1825 च्या वसंतात बेथोव्हन पोटाच्या आजाराने अंथरुणाला खिळला होता. या भागाचं शीर्षक आहे आजारातून उठलेल्या माणसाचं ईश्वराला आभारगीत. शांत माणूस असा नसतो. ही नुकताच ताप उतरलेल्या माणसाची उसंत आहे, भिंत धरून चालणारी. हे पटलं ते स्तोत्रानंतर येणाऱ्या 'अँडांटे' या चालत्या लयीच्या तुकड्यामुळे. तिथे स्कोअरवर 'नवी शक्ती जाणवते' अशा अर्थाचे शब्द आहेत, मात्रा तीन-तीनच्या होतात आणि सा ठणठणीत पांढरी दोनवर (डी) येऊन बसतो. इतका वेळ पांढऱ्या पट्ट्यांवरच फिरणाऱ्या बोटांना काळी एक आणि काळी तीन लागतात. खिडकी उघडल्यासारखं वाटतं, आणि तेव्हाच कळतं की आधीची खोली किती बंद होती. डी मेजर हे स्वतःत आनंदी असतं वगैरे मला पटत नाही. तोच अँडांटे आधीच्या भागाशिवाय लावून पाहिला, नुसता गोड वाटला.

सुरुवातीचं संथ स्तोत्र अँडांटेशी आलटून पालटून येत राहतं; ते तिसऱ्यांदा येतं तिथे माझी मोजणी कोलमडली. ओळी एकमेकींवर चढतात, आठ अधिक सोळाचा हिशेब लागत नाही. 44 बार आहेत, 20 च्या आसपास मी दर वेळी पेन्सिल खाली ठेवतो.

पुढच्या नोंदीसाठी बुश क्वार्टेटचं 1937 चं रेकॉर्डिंग काढलंय. त्यांच्या गजात मींडेसारखी घसर आहे, बाईंना आवडेल. पण ते मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरचं, एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावणार. तबकडीचा वेग जरा हलला की पट्टी आणि लय दोन्ही हलतात. तेव्हा आकडे देईन ते या खेपेसारख्या ऐटीत नाही.