होस्ट 'नॉट रिस्पॉन्डिंग', आणि पोर्ट ९०२ म्हणे उघडाच आहे

व्हीसेंटर (व्हीएमवेअरचे सगळे सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) नव्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या भागात हलवलं, मध्ये फायरवॉल आली आणि ईएसएक्सआय होस्टांनी (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणाऱ्या सर्व्हरांनी) खेळ सुरू केला. कनेक्ट केलं की हिरवे, मिनिटभराने 'नॉट रिस्पॉन्डिंग'. व्हीएम मात्र निवांत चालू असतात. तेव्हा घाबरून होस्ट रीबूट करू नका.

ते मिनिटच सगळं सांगून जातं. होस्ट दर १० सेकंदांनी व्हीसेंटरकडे यूडीपी या प्रोटोकॉलने पोर्ट ९०२ वर हार्टबीट, म्हणजे 'मी जिवंत आहे' असा छोटा निरोप पाठवतो. ६० सेकंदांत एकही पोचला नाही, की व्हीसेंटर त्याच्या नावावर फुली मारतं. होस्ट जोडताना काम टीसीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलवर होतं, म्हणून सुरुवातीला काहीच खटकत नाही.

हे नेटवर्क टीमच्या गळी उतरवणं हीच खरी कटकट. "९०२ ओपन आहे" म्हणत टेलनेटचा स्क्रीनशॉट जोडायचा आणि तिकीट बंद! अहो, टेलनेट टीसीपी तपासतो. फायरवॉलचा रूलही टीसीपीचा, तोही व्हीसेंटरकडून होस्टकडे. हवा होता होस्टकडून व्हीसेंटरकडे, यूडीपी. त्यांच्या फॉर्मवर पोर्टचा रकाना होता, प्रोटोकॉलचा नाही. शेरा लिहायच्या जागेत ठळक लिहिलं तरी वाचतो कोण? 'एनसी' या कमांडने यूडीपी तपासून 'सक्सीडेड' आलं तर त्यावरही जाऊ नका. यूडीपीला पोचपावती नसते. फायरवॉलने पॅकेट गुपचूप गिळलं तरी एनसी खूश.

वाद मिटला तो दोन्ही टोकांच्या कॅप्चरने, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं टिपून. होस्टवर एसएसएचने शिरून व्हीएमके० (होस्टचा मॅनेजमेंटचा नेटवर्क इंटरफेस) वर पॅकेट टिपणारा 'टीसीपीडंप-यूडब्ल्यू' लावला, फिल्टर यूडीपी पोर्ट ९०२. दर १० सेकंदांना एक ओळ, घड्याळासारखी. त्याच वेळी व्हीसेंटर अप्लायन्सवर साधा 'टीसीपीडंप', तोच फिल्टर: शुकशुकाट. दोन्ही फाइली पाठवल्यावर रूल मुकाट्याने बदलला गेला. कॅप्चरआधी दोन्हीकडची घड्याळं एनटीपीने जुळवून घ्या, नाहीतर त्यावरूनही फाटे फुटतात.

कॅप्चरमध्ये पॅकेट कुठल्या आयपीला चाललंय तेही बघा. जुन्या पत्त्यावर जात असेल किंवा मध्ये नॅट (वाटेत पत्ता बदलणारी यंत्रणा) असेल, तर व्हीसेंटरच्या जनरल सेटिंग्जमध्ये, रनटाइम सेटिंग्जखाली मॅनेज्ड ॲड्रेस (होस्टने व्हीसेंटरला गाठायचा पत्ता) तपासा, मग होस्ट डिस्कनेक्ट करून पुन्हा जोडा. इन्व्हेंटरीतून रिमूव्ह मात्र नको. परफॉर्मन्सचा इतिहास आणि परवानग्या जातात.

पॅकेट निघतच नसेल तर दोष होस्टवर. 'व्हीडीएफ -एच' ने रॅमडिस्क (मेमरीतली तात्पुरती डिस्क) भरलीय का बघा, मग होस्टवरच्या फक्त होस्टडी आणि व्हीपीएक्सए या दोन मॅनेजमेंट सेवा रीस्टार्ट करा. सगळ्या सेवा एकदम रीस्टार्ट करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. एलएसीपी (नेटवर्क लिंक एकत्र बांधणारा प्रोटोकॉल) किंवा व्हीसॅन (होस्टांच्या डिस्क मिळून केलेलं सामायिक स्टोरेज) असेल तर त्या वाटेला जाऊ नका. हार्टबीटचा टाइमआउट ६० सेकंदांचा १२० करणं अधूनमधून पॅकेट गळत असेल तरच उपयोगी. दार बंद असेल तर होस्ट फक्त मिनिटभर उशिरा पडेल.