आज बी पडले का?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमधल्या पॉल स्कीन्सला २०२५चा साय यंग पुरस्कार मिळाला. तीसच्या तीस मतं त्याला. नॅशनल लीगमधला (मेजर लीगचे दोन भाग, त्यातला हा एक) वर्षातला सगळ्यात भारी पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. नऊ इनिंगमागं, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागं, त्यानं सरासरी १.९७ रन दिल्या, दोनच्या आत. आणि एवढं करून त्याच्या नावापुढं हिशोब काय, तर १० विजय आणि १० पराभव.

बातमी वाचून मी नाचायला पाहिजे होतो. मला आधी राग आला. त्याची टीम पिट्सबर्ग पायरेट्स, तीच माझी टीम आहे, आणि पिचर असा असताना तो जिंकतो तेवढाच हरतो याचा अर्थ बाकीचे हातात बॅट घेऊन काय करत होते हे कुणालाही कळावं. २०२५ला त्यांनी १६२ सामन्यांत ५८३ रन काढल्या, तीस टीममध्ये सगळ्यात कमी. होमरनही (आपल्या सिक्सरसारखे) सगळ्यात कमी. ७१ जिंकले, ९१ हरले, गटात शेवटचे.

२०२५च्या १८ मेचा सामना सांगतो. फिलाडेल्फियात दुपारचा सामना, म्हणजे आपल्याकडं रविवारी रात्री अकरा. लातूरचा मे महिना, कूलरला पाणी संपलेलं, मी गच्चीवर मोबाईल घेऊन. स्कीन्सनं आख्खा सामना एकट्यानं टाकला. हल्ली पिचर पाच-सहा इनिंग टाकून बाहेर बसतात, या पोरानं आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्या इनिंग टाकल्या. तीन हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) दिल्या, नऊ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, एक रन गेली. समोर फिलाडेल्फियाकडून मेजर लीगमध्ये पहिलाच सामना खेळणारा नवखा पिचर, आणि आमच्या बहाद्दरांनी त्यालाही डोक्यावर बसवून घेतलं. ०-१. बरं, ‘सगळ्या इनिंग’ म्हणजे आठच. यजमान पुढं असले की नवव्या इनिंगला त्यांना बॅटिंग करायची गरजच उरत नाही. म्हणजे पोराला नववी टाकायचीसुद्धा संधी आपल्याच लोकांनी दिली नाही.

लोक विचारतात, औशाच्या माणसाला हे बेसबॉलचं याड कुठून लागलं? सांगतो.

पुण्यात खराडीला मी बरीच वर्षं कॉल सेंटरची नाइट शिफ्ट केली. आमची प्रोसेस पिट्सबर्गकडच्या एका विमा कंपनीची. ट्रेनिंगमध्ये पहिला धडा असा की लाइनवर डेड एअर नको. सिस्टीम लोड होत असेल तर बोलत राहायचं. हवामान विचारा, नाहीतर कालची गेम विचारा. हवामानाची गाडी दोन वाक्यांत संपते, म्हणून मी गेम धरली. रोज शिफ्टला बसायच्या आधी स्कोअर बघून जायचो. हळूहळू स्कोअरच्या जागी सामनाच बघायला लागलो, आणि मग कॉलर नसला तरी.

आणि माझं नशीब बघा, मी लागलो तो नेमका २०१३ साली. त्याआधी ही टीम सलग वीस हंगाम जिंकण्यापेक्षा जास्त हरत होती. १९९३ ते २०१२. अमेरिकेतल्या चार मोठ्या खेळांत एवढी लांब रांग कुठल्याच टीमनं लावलेली नव्हती. आणि २०१३ला ९४ सामने जिंकून वाइल्ड कार्ड सामन्यात पोचली, म्हणजे बाद फेरीच्या दारातला एकच सामना, हरला की घरी. तिकडं १ ऑक्टोबरची रात्र, आपल्याकडं २ ऑक्टोबरची पहाट. गांधी जयंतीची सुट्टी सगळ्या देशाला, आम्हाला नाही, आमचं कॅलेंडर अमेरिकेचं. शिफ्ट संपत आली होती. आख्खं स्टेडियम काळे कपडे घालून आलेलं, आणि सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो याचं नाव सगळे मिळून लांबवून ओरडतायत, क्वेऽऽटो, क्वेऽऽटो. त्या माणसाच्या हातातून बॉल निसटून खाली पडला. नुसता उभा असताना! पब्लिक अजूनच चेकाळलं. आणि पुढच्याच बॉलवर आमच्या रसेल मार्टिननं होमरन हाणला. मी खुर्चीवरून असा उठलो की हेडसेटची वायर तुटली. टीएलनं, म्हणजे टीम लीडरनं, विचारलं, काय झालं? म्हटलं, एस्कलेशन.

तेव्हा वाटलं, गेले ते दिवस. आता ही पोरं काही थांबत नाहीत. २०१४ला वाइल्ड कार्डमध्ये समोरच्या टीमच्या बमगार्नर या पिचरनं गुंडाळलं, २०१५ला आम्ही ९८ जिंकूनही तिथंच अरिएटा या पिचरनं गुंडाळलं. दोन्ही वेळा पायरेट्सच्या नावावर शून्य. त्यानंतर २०२५पर्यंत प्लेऑफचं, म्हणजे बाद फेरीचं, तोंड नाही. दहा वर्षं.

हरण्याचं मला एवढं वाकडं नाही. १४ ऑक्टोबर १९९२चा जुना व्हिडिओ मी किती वेळा पाहिलाय. नॅशनल लीगच्या फायनलचा सातवा आणि शेवटचा सामना, अटलांटात. नववी इनिंग, पायरेट्स २-१ पुढं, एक आउट झाला की वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका. फ्रान्सिस्को कॅब्रेरा नावाचा, अटलांटाच्या टीममध्ये जवळपास शेवटच्या खुर्चीवर बसणारा गडी बॅटिंगला येतो आणि हिट मारतो. पायरेट्सचा बॅरी बॉन्ड्स डावीकडून बॉल फेकतो. बरोबरीची रन होते, आणि जिंकणारी रन घ्यायला सेकंड बेसवरून पळत येतो अटलांटाचा सिड ब्रीम. आधी पायरेट्सचाच माणूस, गुडघे ऑपरेशनांनी कामातून गेलेले, आख्ख्या लीगमध्ये त्याच्याहून हळू पळणारा शोधून सापडला नसता. तो घसरतो आणि केसभर अंतरानं सेफ. संपलं. त्या हिवाळ्यात बॉन्ड्स टीम सोडून गेला आणि वीस वर्षांचा वनवास सुरू झाला. ते हरणं मला मान्य आहे. ते झुंजून हरले. तशा हरण्याची आठवणसुद्धा माणूस अभिमानानं काढतो.

आताचं हरणं वेगळं आहे. आता हरलं तरी मालकाचं काही बिघडत नाही.

बॉब नटिंग २००७ पासून मालक. मेजर लीगमध्ये शेवटचा आला म्हणून कुणी खालच्या लीगमध्ये ढकलत नाही. टीव्हीच्या राष्ट्रीय हक्कांचे पैसे सगळ्यांना वाटून मिळतात, वरून श्रीमंत टीमच्या उत्पन्नातला वाटा गरीब म्हणवणाऱ्यांना जातो. खेळाडूंवर किमान किती खर्च करायचा याचं बंधन नाही. आणि जो जास्त हरतो त्याला नव्या पोरांच्या निवडीत पुढचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे हरा, पैसे घ्या, चांगलं पोरगं घ्या, आणि ते महाग व्हायच्या आत विका. हाळीच्या बाजारात कालवड गाभण राहिली की दावणीची सोडून नेणारे असतात ना, तसला हा धंदा.

पिचर गेरिट कोल, २०११ला नव्या पोरांच्या निवडीतला पहिला नंबर. २०१८च्या जानेवारीत ह्यूस्टनला दिला. नंतर त्यानं यँकीजकडून साय यंग घेतलं. त्याच महिन्यात अँड्र्यू मॅककचन, २०१३चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, सॅन फ्रान्सिस्कोला दिला. (म्हातारपणी, २०२३ला, परत आला. पोरगं परत घरी आल्यासारखं मला बरं वाटलं, पण त्यानं स्कोअर बदलत नाही.) त्याच २०१८च्या जुलैत क्रिस आर्चर आणला आणि बदल्यात टायलर ग्लॅसनाउ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तीन जण देऊन टाकले. त्या सौद्यावर मी बोलायला लागलो की घरातले उठून जातात. २०२५च्या ३१ जुलैला डेव्हिड बेडनार यँकीजला गेला. हा तर पिट्सबर्गशेजारच्या मार्स गावचा, तिथंच वाढलेला, लहानपणापासून पायरेट्सचा.

जपानच्या शोहेई ओटानीला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर कबूल केले. पायरेट्सनी १०० वर्षांच्या वर चाललेल्या इतिहासात २०२५पर्यंत दिलेला सगळ्यात मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा, २०२३ला, आठ वर्षांचे १०.६७५ कोटी. ‘आमचं शहर लहान, आमची ऐपत लहान’ हे पालुपद ठरलेलं. मग मिल्वॉकी काय मुंबई आहे का? तेही लहान शहर, त्याच गटात खेळतं, आणि २०२५ला ९७ जिंकून आख्ख्या मेजर लीगमध्ये पहिलं आलं. ऐपतीचं कारण तिथंच संपतं. पिट्सबर्गचं पब्लिक आता सामना चालू असताना ‘टीम विका’ म्हणून ओरडतं. २०२५च्या मेमध्ये मॅनेजर डेरेक शेल्टनला काढलं. ३८ सामन्यांत १२ जिंकलेले, काढायलाच पाहिजे होता. पण मॅनेजर बदलून बॅटिंग येते का?

भाची शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये आहे. ती म्हणते, “मामा, तुम्ही डॉजर्स धरा ना. रोज सकाळी तोंड पाडून बसण्यापेक्षा.” अप्पा पहाटे चारला उठतात. पिट्सबर्गचा रात्रीचा सामना आपल्याकडं चार दहाला सुरू होतो, त्यामुळं दोघांची वेळ एकच. चहाचा कप घेऊन ते येतात, मोबाईलकडं न बघता विचारतात, “आज बी पडले का?” निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल विचारावं तसं. २०२५च्या सप्टेंबरात पाण्यानं रानातलं सोयाबीन कुजवलं, त्या दिवसांत त्यांनी फक्त विचारणं बंद केलं होतं.

टीम का बदलत नाही, ते भाचीला नीट सांगता आलं नाही. इथं लिहून बघतो.

एकदा एक म्हातारी कॉलर लाइनवर होती. क्लेम जुनाट, सिस्टीम मरगळलेली, मी नेहमीप्रमाणं पायरेट्सचा विषय काढला. तिनं रॉबर्टो क्लेमेंटेचं सांगायला सुरुवात केली. लहानपणी वडिलांबरोबर जाऊन तिनं त्याला खेळताना पाहिलेलं. पोर्तो रिकोचा माणूस, २१ नंबरचा शर्ट, बरोब्बर ३,००० हिट. ती म्हणाली, तो भूकंपाच्या लोकांसाठी सामान घेऊन चालला होता आणि विमान समुद्रात पडलं.

घरी येऊन सगळं शोधून वाचलं. २३ डिसेंबर १९७२ला निकाराग्वात मानाग्वाचा भूकंप. पाठवलेली मदत तिथल्या सत्ताधाऱ्यांची माणसं मधेच गिळतायत असं कानावर आल्यावर क्लेमेंटे म्हणाला, मी स्वतः जातो. ३१ डिसेंबरच्या रात्री सान हुआनहून विमान उडालं, सामानानं क्षमतेबाहेर भरलेलं, आणि किनाऱ्यापासून जवळच कोसळलं. त्याचं शरीर सापडलं नाही. आणि ती तीन हजारावी हिट? ३० सप्टेंबर १९७२.

३० सप्टेंबर ही तारीख आमच्या औसा तालुक्यात कुणाला सांगावी लागत नाही. १९९३, गणपती बोळवून लोक झोपलेले, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आमचं घर किल्लारीपासून लांब नव्हतं. माळवदाखाली काय काय राहिलं ते लिहीत बसत नाही. मी लहान होतो, अप्पांनी मला काखेत मारून अंगणात आणलं एवढं आठवतं. आणि नंतर पत्र्याच्या शेडसमोर थांबलेले ट्रक. घोंगड्या, बिस्किटं, कुठल्या कुठल्या गावांचे बोर्ड लावलेले. त्या ट्रकांतून उतरणाऱ्या माणसांना आम्ही नावं विचारली नाहीत.

म्हातारीला मी यातलं काही बोललो नाही. लाइनवर माझं नाव वेगळं होतं आणि गावही वेगळं होतं, आणि कॉल रेकॉर्ड होतात. एएचटी, म्हणजे एका कॉलला लागणारा वेळ, वाढला म्हणून नंतर बोलणी मात्र खाल्ली.

तर आता तुम्हीच सांगा, २०२५च्या एप्रिलमध्ये नटिंगच्या लोकांनी काय केलं. आमच्या स्टेडियमची, पीएनसी पार्कची, उजवीकडची भिंत क्लेमेंटेच्या मानासाठी २१ फूट उंच बांधलेली आहे. त्या भिंतीवर त्याच्या २१ नंबरची खूण होती. ती झाकून तिथं डबाबंद दारूची जाहिरात लावली! क्लेमेंटेच्या घरच्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. बोंब झाल्यावर माफी मागितली, खूण परत लावली. त्याच महिन्यात स्टेडियमबाहेरच्या विटा, ज्यांवर लोकांनी पैसे भरून आपल्या मेलेल्या आईबापांची नावं कोरून घेतली होती, त्या रिसायकलिंगच्या ढिगाऱ्यात पडलेल्या सापडल्या. आमचा पांडुरंग अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे, विटेची किंमत आम्हाला कुणी शिकवायला नको. ९१ पराभव मी पचवले असते. त्या दोन गोष्टी मला अजून पचल्या नाहीत.

आणि म्हणूनच टीम सोडणार नाही. क्लेमेंटे नटिंगचा नाही. तो त्या म्हातारीचा आहे, आणि आता थोडा माझापण आहे. मालकाच्या रागापायी मी माझा हिस्सा कशाला सोडू?

खेळाडू आणि मालकांमधला करार १ डिसेंबर २०२६ला संपतोय. मालक मंडळी पगारांवर वरची मर्यादा मागणार, खेळाडू नाही म्हणणार, आणि २०२७चा हंगाम वेळेवर सुरू होईल का यावर आत्तापासून भांडणं चालू आहेत. डॉजर्सच्या नावानं सगळे शंख करतायत. माझं म्हणणं एवढंच, वरची मर्यादा आणा नाहीतर नका आणू, खालची आधी आणा. टीम ठेवायची तर एवढा पैसा खेळाडूंवर घालावाच लागेल, नाही झेपत तर विका. खेळाडू पहिली सहा वर्षं टीमला बांधलेला असतो, स्कीन्सची ती २०२९ला पुरी होतात, मग तो मोकळा. तोवर त्याला कुणी दोन-दोन रन तरी काढून द्या.