‘चार’मधला च

गोरेगावच्या एका छोट्या स्टुडिओत मालिकांचं डायलॉग एडिटिंग शिकायला लागून मला आठ महिने झाले. चित्र लॉक झालेला, म्हणजे चित्राची काटछाट पक्की झालेला, एपिसोड आमच्याकडे आला की आधी संवाद निस्तरायचे: लेपलचे (कपड्यांत लावलेल्या छोट्या माइकचे) ट्रॅक वेगळे, बूमचा (काठीवर धरलेल्या माइकचा) वेगळा, नको ते आवाज काढायचे, जोड लपवायचे. इफेक्ट आणि पार्श्वसंगीत नंतर.

मराठी मालिकेत सगळ्यात जास्त छळतं ते मंगळसूत्र. लेपल पदराआड लावलेला असतो, बाई जरा वळल्या की वाटी त्यावर आपटते. टक्. काठपदराची साडी असली तर खरखर वेगळीच.

मागच्या महिन्यात ‘चार दिवस झाले’ या वाक्यातल्या नेमक्या ‘चा’वर तो टक् आला. बूमचा ट्रॅक घ्यावा तर त्यावर पंख्याची घरघर. मी त्याच अभिनेत्रीच्या ‘कुठे चाललीस?’मधला ‘चा’ उचलून तिथे बसवला, पाच मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला, म्हणजे एक आवाज विरताना दुसरा चढवला. स्क्रीनवर वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, इतका सुरेख जुळला होता की मी न ऐकताच पुढच्या सीनकडे वळले. मला शिकवणाऱ्या दादांनी एकदाच ऐकलं.

“ती त्सार म्हणतेय. डोळे मिट आणि ऐक.”

खरंच. लिहिताना च एकच, पण ‘चालणे’तला च दातांमागे उमटतो आणि ‘चार’मधला टाळूवर. जन्मभर मराठी बोलतेय, पण स्क्रीनकडे बघत होते तोवर हा फरक माझ्या लक्षातच आला नाही. मग दुसऱ्या टेकमधला तिचाच ‘चार’ सापडला. तो जरा लांबट होता, ओठांशी जुळेना. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. चित्राच्या एडिटरला कापायचं तर दोन फ्रेमच्या मधेच कापता येतं. आवाज 48 किलोहर्ट्झवर असतो, म्हणजे सेकंदाला 48,000 सँपल (आवाजाची बारीक मोजमापं), त्यामुळे त्याच एका फ्रेममध्ये आमच्याकडे 1,920 सँपल असतात. ‘र’च्या आधीचा ‘आ’ थोडा थोडा कमी करत गेले आणि शब्द ओठांवर बसला. त्या एका शब्दाला चाळीस मिनिटं लागली. मला ती आजही वाया गेल्यासारखी वाटत नाहीत.

दुसरी गोष्ट शांततेची. संवाद नसलेली जागा मी सुरुवातीला सरळ पुसून टाकायचे. पण पुसलेल्या जागी शांतता येत नाही, भोक पडतं. टीव्ही क्षणभर बंद पडला की काय असं वाटतं. प्रत्येक खोलीचा स्वतःचा आवाज असतो, त्याला आम्ही रूम टोन म्हणतो. पावसाळ्यात शेडमध्ये लावलेल्या सेटवर तर विचारू नका. सासूचा क्लोजअप सकाळी कोरड्यात घेतलेला, सुनेचा दुपारी सरीत. सून बोलली की पत्र्यावर पाऊस सुरू, सासू बोलली की बंद. तिथे पाऊस काढायच्या मागे लागलं की सुनेचा आवाजही डबक्यातून आल्यासारखा होतो. दादांनी उलट केलं: सुनेच्या दोन वाक्यांमधला निव्वळ पाऊस घेऊन तो सासूच्याही खाली अंथरला. सगळा सीन एका घरात आला.

त्या दिवशी मला असा स्वच्छ पाऊस मिळाला तो फक्त साडेतीन सेकंदांचा. तोच जोडून जोडून चार मिनिटांचा केला. म्हणून सेटवर आवाज रेकॉर्ड करणाऱ्या मित्रमैत्रिणींना कळकळीने सांगते: लोकेशन बदलण्याआधी सगळ्यांना जागच्या जागी उभं करा आणि तीस सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करून पाठवा.